आमदाराची खतावणी कशी मांडावी

तासगावात बेदाण्याचे सौदे उरकले, शेतकऱ्यांच्या पट्ट्या करून झाल्या की आमच्या आडत दुकानात चहा येतो आणि चहाच्या मागोमाग राजकारण. "पलूस-कडेगावला एकोणीस साली विश्वजित कदमांना लीड किती?" एकजण म्हणतो दीड लाख. दुसरा म्हणतो एक लाख बासष्ट हजार. दोघंही पैजेला तयार. मी इथला दिवाणजी, तोंडी आकडा खात्याला ओढायची मला सवय नाही. त्यामुळं आमदारांची एक वेगळी वही घातली. आता तालुक्यातली पोरं ती वही बघून "आम्हालाही अशी मांडायची आहे" म्हणतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. (पैजेचा निकाल पुढं येईल. दोघांनाही चहाचे पैसे द्यावे लागले.)

वही लांब घ्या, लाल कापडी बांधणीची. लॅपटॉपवर करणार असाल तर करा, पण एका निवडणुकीला समोरासमोरची दोन पानं हा हिशेब सोडू नका. डाव्या पानावर निवडणूक: मतं, विरोधक, गावं. उजव्या पानावर पुढची पाच वर्षं: सभागृहात काय केलं, पैसा कुठं गेला. बहुतेक लोक डावं पान भरून थांबतात. आमदार निवडून आला, गुलाल धुतला, वही बंद. मग पुढच्या निवडणुकीला उजव्या पानाचा मजकूर कार्यकर्ते सांगतील तोच खरा मानावा लागतो.

पहिला प्रश्न असा की खातं कोणाच्या नावानं घालायचं? मतदारसंघाच्या नावानं घालू नका. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत आपल्या सांगली जिल्ह्याचा नकाशा पार बदलला. जयंत पाटील १९९० पासून सलग निवडून येतात, पण २००४ पर्यंत वाळव्यातून आणि २००९ पासून इस्लामपुरातून. पतंगराव कदमांचा भिलवडी-वांगी गेला, पलूस-कडेगाव आला. सुरेश खाडे २००४ ला जतमधून आमदार झाले. पुनर्रचनेत जत खुला झाला, मिरज राखीव झाला आणि २००९ पासून ते मिरजेतून. नुसतं 'जत' असं खातं घातलं असतं तर हा माणूस एकदा निवडून येऊन गायब झाला असं वाटलं असतं.

आमच्याकडचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. कवठेमहांकाळ हा पूर्वी स्वतंत्र मतदारसंघ होता आणि अजितराव घोरपडे तिथले आमदार. आर. आर. पाटील, म्हणजे आबा, १९९० पासून तासगावचे. दोघांचे तालुके शेजारी, पण मतपत्रिका वेगळ्या. पुनर्रचनेत तासगाव-कवठेमहांकाळ असा एकच मतदारसंघ झाला आणि २०१४ ला हे दोघं समोरासमोर आले. ती लढत समजून घ्यायची तर नकाशा आधी, माणसं नंतर. तेव्हा माणसाच्या नावानं खातं घाला आणि वहीच्या शेवटी मतदारसंघाचं एक वेगळं पान ठेवा: कोणती गावं, कोणत्या साली आत आली, कोणती बाहेर गेली. आठही मतदारसंघांचे सध्याचे क्रमांक तिथंच लिहून ठेवा. मिरज २८१ पासून सुरू होतं आणि जत २८८, म्हणजे राज्यातला शेवटचा. निवडणूक आयोगाचे कागद शोधताना नावापेक्षा नंबर लवकर सापडतो.

आता डाव्या पानाचे रकाने. साल, मतदानाची आणि निकालाची तारीख, पक्ष, चिन्ह, मिळालेली मतं, दुसऱ्याची, तिसऱ्याची, नोटा (म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही'ची मतं), एकूण वैध मतं. पक्ष आणि चिन्ह हे दोन रकाने वेगळे ठेवायचे, यात आळस नको. आबा १९९० आणि १९९५ ला काँग्रेसकडून, १९९९ पासून राष्ट्रवादीच्या घड्याळावर. त्यांच्या पत्नी सुमनताईही घड्याळावर. २०२४ ला मुलगा रोहित पाटील शरद पवार गटाचा 'तुतारी वाजवणारा माणूस' घेऊन उभे राहिले आणि घड्याळ होतं समोरच्या संजयकाका पाटलांकडं! नुसतं चिन्ह लिहिलं तर तीस वर्षांनी वही उघडणारा म्हणेल की तासगावात आबांच्या घरानं घड्याळाला पाडलं. नुसता पक्ष लिहिला तर राष्ट्रवादी कोणती हे कळणार नाही. दोन्ही लिहा आणि खाली बारीक अक्षरात 'फेब्रुवारी २०२४, आयोगाचा निर्णय, घड्याळ अजित पवार गटाला' एवढी ओळ टाका.

चिन्हाचा रकाना किती महाग पडतो ते शेजारी साताऱ्याला विचारा. २०२४ च्या लोकसभेला तिथं उदयनराजे ३२,७७१ मतांनी आले, समोर होता 'तुतारी वाजवणारा माणूस'. त्याच यंत्रावर ट्रम्पेट चिन्हाच्या एका अपक्षाला ३७,०६२ मतं पडली आणि या चिन्हाचं मराठी नाव यादीत 'तुतारी' असं होतं. ती सगळी मतं चुकून पडली असं मी लिहिणार नाही, मतदाराच्या मनात शिरायची सोय वहीत नाही. पण रकाना नसता तर प्रश्नच सुचला नसता.

आता ती पैज. २०१९ ला पलूस-कडेगावात विश्वजित कदमांना १,७१,४९७ मतं पडली. दुसऱ्या नंबरवर कोण, तर नोटा: २०,६३१. शिवसेनेच्या उमेदवाराला ८,९७६. नोटा वजा केला तर लीड १,५०,८६६ निघतं, उमेदवार वजा केला तर १,६२,५२१. सरकारी हिशेबात लीड उमेदवारापासूनच धरतात, कारण नोटा हा उमेदवार नाही. तो पहिला आला तरी त्याच्या खालचाच निवडून येतो. म्हणून बासष्ट हजारवाला बरोबर. पण दीड लाखवाल्यानंही कागदच वाचला होता, आकडा हवेतून आणला नव्हता. अशा ठिकाणी दोन्ही आकडे लिहा. अनामत रकमेचाही एक मुद्दा इथंच निघतो. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर डिपॉझिट जातं. दोन उमेदवारांचीच मतं एक लाख ऐंशी हजारांवर जातात, त्यांचा सहावा हिस्सा तीस हजार. म्हणजे उमेदवारांत दुसरा येऊनही डिपॉझिट जप्त. वहीत अशी नोंद क्वचित होते, झाली की तिच्याभोवती लाल पेन फिरवा.

त्याच मतदारसंघात २०१८ ला पोटनिवडणूक झाली. पतंगराव मार्चमध्ये गेले, भाजपनं अर्ज मागं घेतला आणि विश्वजित बिनविरोध. मतांच्या रकान्यात तिथं शून्य लिहायचं नाही, आडवी रेघ मारायची. शून्य म्हणजे मतदान झालं आणि मत पडलं नाही. रेघ म्हणजे मतदानच झालं नाही. सहानुभूतीच्या पोटनिवडणुकीला वेगळी खूण ठेवा. आबा १६ फेब्रुवारी २०१५ ला गेले, त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत मोठ्या पक्षांनी उमेदवारच दिला नाही आणि सुमनताईंचं लीड लाखाच्या वर गेलं. हे लीड पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीशी तोलायला गेलात तर ताजव्याच्या एका पारड्यात बेदाणा आणि दुसऱ्यात ओली द्राक्षं टाकल्यासारखं होईल.

लीड वाढलं म्हणजे आमदार बळकट झाला, असं आपल्याकडं धरून चालतात. वजाबाकी जरा पुढं न्या. सांगली शहरात सुधीर गाडगीळ २०१९ ला ६,९३९ मतांनी आले: त्यांची ९३,६३६, काँग्रेसच्या पृथ्वीराज पाटलांची ८६,६९७. २०२४ ला लीड थेट ३६,१३५ वर गेलं. २९,१९६ ची वाढ. ती आली कुठून? गाडगीळांची स्वतःची मतं १८,८६२ नी वाढली आणि समोरच्याची १०,३३४ नी घटली. दोन्ही मिळून बरोबर २९,१९६. आणि त्या वेळी काँग्रेसमधून बंडखोरी करून जयश्री पाटील अपक्ष उभ्या होत्या हे शेजारी लिहिलं की घटलेल्या आकड्याचा अर्थ लागायला सुरुवात होते. म्हणून तिसऱ्या उमेदवाराचा रकाना. बातमीत तो नसतो.

मी आणखी एक आकडा काढतो, 'फिरती मतं'. लीडच्या निम्म्याहून एक जास्त. तेवढ्या माणसांनी बटण बदललं असतं तर निकाल फिरला असता. तासगाव-कवठेमहांकाळला २०२४ ला रोहित यांना १,२८,४०३ आणि संजयकाकांना १,००,७५९, लीड २७,६४४. फिरती मतं १३,८२३. सांगलीत २०१९ ला हाच आकडा ३,४७० होता, म्हणजे शहरातले मोजके बूथ.

बूथ म्हटलं की खरं काम सुरू होतं. आणि इथंच बहुतेकांचा दम सुटतो.

प्रत्येक निवडणुकीनंतर नमुना २० नावाचं अंतिम निकालपत्रक तयार होतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघाच्या क्रमांकानं ते मिळतं. आडव्या ओळीत एकेक मतदान केंद्र, उभ्या रकान्यात एकेक उमेदवार, शेवटी वैध मतं, नोटा, एकूण. उतरवून घेतल्यावर पहिल्यांदा मान वाकडी करावी लागते, कारण पानं बहुधा आडवी स्कॅन केलेली असतात आणि उमेदवारांची नावं उभ्या रेषेत बारीक छापलेली. जिथं आठ का तीन कळत नाही, तिथं त्या ओळीची बेरीज करून बघा. ओळीची बेरीज एकूण रकान्याशी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर तुम्ही आकडा चुकीचा वाचलाय, गैरप्रकार झालेला नाही. मतमोजणी प्रतिनिधींना हे सांगून सांगून थकलो.

पत्रकात केंद्राचा नुसता नंबर असतो, गावाचं नाव नसतं. त्यासाठी त्याच निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी सोबत लागते. 'त्याच निवडणुकीची' हे शब्द अधोरेखित करा. मतदार वाढले की एका बूथचे दोन होतात आणि पुढचे सगळे नंबर सरकतात. मागच्या वेळी आमच्या गावची प्राथमिक शाळा, खोली नंबर दोन, ज्या नंबरवर होती, तो नंबर या वेळी शेजारच्या वस्तीवरच्या अंगणवाडीला गेलेला असतो. नंबराला नंबर लावून तुलना केलीत तर अख्ख्या तालुक्याचा कौल फिरल्याचा भास होईल. म्हणून मी बूथ जोडून गाव करतो: गावातले सगळे बूथ एकत्र, वाड्या-वस्त्या धरून. वहीत बूथ येतच नाही, गाव येतं. गावं तालुक्याप्रमाणं, तालुक्यात जिल्हा परिषद गटाप्रमाणं. सावळज गट, मणेराजुरी गट अशी मांडणी केली की कोणाचा जोर कुठं हे एका नजरेत दिसतं आणि जिल्हा परिषदेच्या निकालाशीही ताडून बघता येतं.

टपाली मतं शेवटच्या वेगळ्या ओळीत असतात. ती कोणत्याच गावाला लावता येत नाहीत, तशीच सोडा. आणि मतदान यंत्राच्या आधीचं, कागदी मतपत्रिकांच्या काळातलं बूथवार शोधत बसू नका. तिथं एकूण निकालावर भागवा, तो आयोगाच्या सांख्यिकी अहवालात अगदी १९५२ पासून आहे. वसंतदादांची पहिली आमदारकीही तिथं सापडेल.

निकालाच्या दिवशी या मांडणीचा एक फायदा होतो. मोजणी साधारण चौदा टेबलांवर, म्हणजे एका फेरीत चौदा बूथ. बूथचे नंबर मतदारसंघाच्या एका टोकाकडून पडलेले असतात. कोणत्या टोकाकडून, ते आधी यादीत बघून ठेवा. मग चौथ्या फेरीला टीव्हीवाला "धक्कादायक पिछाडी" म्हणून ओरडायला लागला तरी तुम्हाला माहीत असतं की अजून आपल्या माणसाची गावं उघडलीच नाहीत. किंवा उघडून संपली. तेही कळतं, आणि गुलालाचे पैसे वाचतात.

प्रतिज्ञापत्राकडं येतो. अर्जासोबत नमुना २६ मध्ये मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे हे सगळं लिहून द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर हे सुरू झालं. आयोगाच्या संकेतस्थळावर प्रती असतात. एकाच आमदाराची तीन निवडणुकांची तीन प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून वाचा. मालमत्ता दुप्पट झाली असं दिसलं की लगेच चौकात जाऊ नका. स्थावरात खरेदीची किंमत वेगळी आणि सध्याची बाजारभावाची किंमत वेगळी लिहिलेली असते. वडिलोपार्जित जमीन तीच, गट नंबर तोच, फक्त रस्ता शेजारून गेला म्हणून किंमत चढलेली असते. गट नंबर नवा दिसला तर मात्र थांबा, कारण तो मागच्या प्रतिज्ञापत्रात नव्हता. पत्नी, अवलंबित आणि एकत्र कुटुंबाचे रकाने वगळू नका, कधीकधी सगळी कथा तिथंच असते.

गुन्ह्यांचं पान बघून शहरातले लोक दचकतात. आपल्याकडं ऊसदर किंवा दूधदर आंदोलनात एकदा रस्त्यावर बसलं की दंड संहितेचं १४३, ३४१, १८८ आणि पोलीस अधिनियमाचं ३७(१)(३) सह १३५ हे लागतंच. जुलै २०२४ पासून न्याय संहिता आल्यानं नव्या गुन्ह्यांची कलमं बदलली, हे लक्षात ठेवा. बघायचं ते कलम कोणतं, दोषारोप निश्चित झालेत का, आणि आधीच्या प्रतिज्ञापत्रातला खटला या वेळी कुठं गेला. निवडणूक खर्चाच्या हिशेबावर मी वेळ घालवत नाही. मर्यादा ४० लाख, हिशेब निकालानंतर तीस दिवसांत द्यायचा. तो वाचताना मंडपवाल्यालासुद्धा हसू आवरत नाही.

आमदारकीच्या आधीचं पान वेगळं. सांगली जिल्ह्यात साखर कारखाना, बाजार समिती, जिल्हा बँक सोडून कोणाची कारकीर्द लिहिताच येत नाही, आणि आबांचं वेगळेपण म्हणजे हाताशी कारखाना नसताना ते वर गेले. १९७९ ला सावळज गटातून जिल्हा परिषदेवर आणि तिथून अकरा वर्षांनी विधानसभेत. ही माहिती एका दाराशी मिळत नाही. विधानसभा आणि लोकसभा भारत निवडणूक आयोगाकडं, जिल्हा परिषद ते ग्रामपंचायत राज्य निवडणूक आयोगाकडं, सहकारी संस्था सहकार खात्याच्या निवडणूक प्राधिकरणाकडं. भलत्या कार्यालयात गेलात तर तिथला कारकून "आमच्याकडं नाही" एवढंच सांगतो, कुणाकडं आहे ते सांगत नाही.

उजवं पान भरायला विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या घ्या. तारांकित प्रश्नावर (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) बहुधा एका आमदाराचं नाव नसतं, पाच-दहा नावांची माळ असते. सगळ्यांना सारखं श्रेय देऊ नका. प्रश्न आपल्या तालुक्याचा आहे का ते बघा. 'हे खरे आहे काय, असल्यास' पासून वाचत खाली या आणि 'विलंबाची कारणे काय आहेत' याचं उत्तर उतरवून घ्या. 'प्रश्न उद्भवत नाही' असं उत्तर आलं असेल तर आमदारानं पुढं लक्षवेधी लावली का, ते पुढच्या अधिवेशनात शोधा. मी त्यासाठी समासात एक टिंब देतो आणि पुढं काही झालं तर टिंबाचा गोल करतो. नुसतीच टिंबं साचलेली पानं बघायला मजा येते.

मंत्र्यांचा हा रकाना रिकामा राहणार, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. आबांची १९९५ ते ९९ ची विरोधी बाकावरची वर्षं प्रश्नांनी भरतात आणि नंतर एकदम कोरी होतात. तिथं शासन निर्णय लावायचे: ग्रामविकास खात्यात असताना ग्रामस्वच्छता अभियान, गृहखात्यात २००७ ला तंटामुक्त गाव मोहीम. प्रत्येक शासन निर्णयावर संगणक सांकेतांक असतो, तो लिहून ठेवा म्हणजे पुन्हा शोधावं लागत नाही.

टेंभू, म्हैसाळ, ताकारी या योजनांचं पाणी 'आम्हीच आणलं' असं सांगणारे फलक पूर्वभागात ठिकठिकाणी दिसतील, आणि प्रत्येकावर फोटो वेगळा. भांडू नका. योजनेची मूळ प्रशासकीय मान्यता कधीची, सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता) कितव्यांदा आणि कोणत्या साली, त्या वेळी पाटबंधारे खातं कोणाकडं आणि आमदार कोण, एवढं एका ओळीत लिहा. बहुतेक वेळा त्या ओळीत तीन-चार नावं बसतात आणि एकही फलक पूर्ण खरा किंवा पूर्ण खोटा राहत नाही.

आमदार निधी सध्या वर्षाला ५ कोटी. कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडं असते. मिळाली नाही तर माहिती अधिकारात जोडपत्र 'अ', वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'आमदार निधीची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. आर्थिक वर्ष, तालुका, कामाचं नाव, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च, काम पूर्ण झाल्याची तारीख असे रकाने अर्जातच पाडून द्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, वीस रुपये. यादी हाती आली की ती डाव्या पानावरच्या गावांशेजारी लावा. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट कुठं पडले आणि मतं कुठून पडली, ही दोन पानं समोरासमोर उघडली की गावात जाऊन काही विचारावं लागत नाही.

प्रतिज्ञापत्रं आणि नमुना २० मिळताच उतरवून आपल्याकडं ठेवा, संकेतस्थळं बदलतात आणि जुने दुवे मरतात. आणि वही तयार झाली की दोन्ही गटांचे कार्यकर्ते येणारच. दुकानात बसून बघू द्या, घरी नेऊ देऊ नका. फोटो काढू द्यायचा तर दोघांनाही, त्याच दिवशी. एकाला आधी दिलात तर संध्याकाळपर्यंत तुमचंही नाव कुठल्यातरी गटाच्या खात्याला लागलेलं असेल.